पाहिलेलं लिहा, कानातल्या चालीवर गा

हे आवाहन गाणी लिहू पाहणाऱ्या साध्या माणसांना आहे. जयंतीच्या कार्यक्रमासाठी गीत बसवणारे, भजनी मंडळात पेटी धरणारे, पथनाट्यासाठी रात्रीतून चार कडवी जुळवणारे विद्यार्थी, बचत गटाच्या मेळाव्यात स्वतः रचलेली ओवी म्हणणाऱ्या बाया, वस्तीतल्या पाण्याच्या रांगेवर गाणं करून मोबाइलवर टाकणारी पोरं. यांच्यापैकी पुष्कळ जण एकच अडचण सांगतात. विषय डोळ्यांसमोर असतो, राग असतो, कळवळाही असतो. पण वही उघडली की तेच ते शब्द येतात. बळीराजा, काळी आई, अंधार, मशाल. गाणं म्हटलं जातं, टाळ्या पडतात आणि लोक घरी पोचेपर्यंत विसरतात.

त्यावर माझं सांगणं थोडक्यात असं: जे स्वतः पाहिलं तेच लिहा, लोकांच्या कानात आधीपासून असलेली चाल घ्या आणि एका विषयावर एकच गाणं करून थांबू नका. हे मी एका अमेरिकन माणसाच्या एका अल्बमच्या आधाराने सांगतो. माणूस वुडी गथ्री, अल्बम 'डस्ट बोल बॅलड्स', साल १९४०. आपले शाहीर सोडून इतक्या लांब कशाला, असं कुणी विचारेल. आपल्या शाहिरांकडे येणारच आहे. पण हा अल्बम कुठून आला, कोणती चाल कुठली, कोणती ओळ कशावरून सुचली याची नोंद इतकी चोख राहिली आहे की शिकणाऱ्याला त्याचा एकेक टाका उसवून पाहता येतो.

गथ्रीचा जन्म १४ जुलै १९१२ चा, ओक्लाहोमा राज्यातल्या ओकीमा या लहान गावातला. बाप जमिनीचे व्यवहार करायचा, गावच्या राजकारणात असायचा. आई जुनी कथागीतं गायची. मग घराची वाताहत झाली. मोठी बहीण भाजून गेली, पैसा गेला, आईला हंटिंग्टन नावाचा आनुवंशिक आजार जडला आणि तिला इस्पितळात ठेवावं लागलं. १९२९ मध्ये वुडी टेक्ससमधल्या पॅम्पा गावी आला. तिथे त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या, वाचनालयातली पुस्तकं वाचून काढली, नाचाच्या कार्यक्रमांत गिटार वाजवली. तो शेतकरी नव्हता, हे लक्षात ठेवा. ज्यांची गाणी त्याने केली त्यांच्या गावात तो राहत होता, त्यांच्या दुकानात बसत होता, त्यांच्या नाचाला वाजवत होता. 'मी कुठे शेतकरी आहे, मी कसं लिहू' असं म्हणून मागे सरणाऱ्यांना एवढं उत्तर पुरे आहे.

त्या मुलखात, म्हणजे अल्बमच्या नावातल्या 'डस्ट बोल'मध्ये, काय झालं होतं ते सांगायला हवं. दक्षिणेकडच्या सपाट माळांवर पूर्वापार गवत होतं आणि गवताच्या मुळांनी माती धरून ठेवली होती. पहिल्या महायुद्धात गव्हाला भाव आला, मग ट्रॅक्टर आले आणि लाखो एकर गवताळ रान नांगराखाली गेलं. पुढे भाव कोसळले आणि १९३१ पासून पावसानेही पाठ फिरवली. पीक गेलं, गवत आधीच गेलेलं, उघडी पडलेली माती वाऱ्यावर उडू लागली. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी काळ्या धुळीची भिंतच्या भिंत पॅम्पावर आली. घरात दिवा लावला तरी समोरच्या माणसाचं तोंड दिसेना. लोकांना वाटलं, जगाचा अंत आला, आणि ते एकमेकांचा निरोप घेऊ लागले.

आता गथ्रीने त्याचं काय केलं ते बघा. 'सो लाँग, इट्स बीन गुड टू नो या' हे त्याचं गाणं त्या दिवसाचं. नावातच निरोप आहे: येतो आता, ओळख झाली, बरं वाटलं. या गाण्यात आक्रोश नाही, निसर्गाचा कोप नाही, देवाला प्रश्न नाही. प्रेमातली जोडपी अंधारात बसली आहेत आणि लग्नाचं सोडून निरोपाचं बोलताहेत. चर्चमध्ये गर्दी झाली आहे, पण उपदेशकाला काळोखात पान वाचता येत नाही. तो चष्म्याची घडी घालतो, वर्गणी गोळा करतो आणि तोही लोकांना 'येतो' म्हणतो. उपदेशकाने चष्म्याची घडी घातली, ही गोष्ट घरात बसून सुचत नाही. ती पाहावी लागते, किंवा पाहिलेल्या माणसाकडून ऐकावी लागते. धूळ किती दाट होती हे त्या चष्म्यावरून कळतं, आणि संकटातही वर्गणी चुकत नाही हेही कळतं. गथ्रीने टीका म्हणून एक शब्द वापरलेला नाही.

त्याच वादळावर त्याने दुसरं गाणं केलं, 'द ग्रेट डस्ट स्टॉर्म'. त्याची सुरुवातच तारखेने होते. वादळ कुठून कुठवर पसरलं, राज्यांची नावं कोणती, हे पोवाड्यात लढाईची तिथी आणि ठिकाण यावं तसं येतं. म्हणजे एकाच दिवसाची दोन गाणी. एकात घराच्या आतली माणसं, दुसऱ्यात नकाशावर पसरलेलं संकट. आपण बहुतेक वेळा दोन्ही एकाच गाण्यात कोंबतो आणि मग दोन्ही निसटतात.

या मुलखातून आणि त्याच्या शेजारून लोक उठले आणि कॅलिफोर्नियाकडे निघाले. काहींची शेतं धुळीने नेली, काहींची सावकाराने, आणि कुळाने कसणाऱ्या कितीतरी जणांना मालकाने ट्रॅक्टर आणून उठवलं. गथ्रीही गेला. लॉस एंजेलिसच्या केएफव्हीडी या रेडिओ केंद्रावर तो गाऊ लागला. विस्थापित लोक त्याला ढिगाने पत्रं पाठवत. शेतमजुरांच्या छावण्यांत जाऊन तो वर्तमानपत्रासाठी लिहू लागला. तिथे पाहिलेलं आणि ऐकलेलं पुढे अल्बममध्ये आलं. 'डू रे मी' हे गाणं घ्या. फेब्रुवारी १९३६ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखाने राज्याच्या सीमेवर आपली माणसं उभी केली होती आणि ज्यांच्याजवळ पैसे दिसत नाहीत त्यांना परत पाठवायला सुरुवात केली होती. गथ्रीने त्यावर निषेधाचं गाणं केलं नाही, सल्ल्याचं केलं. खिशात पैसे नसतील तर बाबांनो, आपल्या टेक्ससला, ओक्लाहोमाला परत जा, असं तो हसतमुखाने सांगतो. ऐकणाऱ्याला तो नाका दिसतो आणि राग येतो तो ऐकणाऱ्यालाच.

चालींकडे येऊ. नवी चाल सुचत नाही म्हणून अडून बसणाऱ्यांनी हे मन लावून वाचावं. या अल्बममधल्या बऱ्याच चाली गथ्रीच्या नाहीत. 'टॉम जोड' हे गाणं 'जॉन हार्डी' या जुन्या कथागीताच्या चालीवर आहे. 'ब्लोइन डाउन द रोड' तर जुन्या लोकगीताचंच नवं रूप आहे. 'टॉकिंग डस्ट बोल ब्लूज' मध्ये चाल जवळजवळ नाहीच. गिटारच्या ठेक्यावर बोलत जायचा जुना प्रकार त्याने घेतला. शेत देऊन मोटार घेतलेला माणूस घरची सगळी मंडळी कोंबून डोंगर ओलांडतो, आणि शेवटी त्यांच्या ताटात बटाट्याचं असं पातळ कालवण येतं की त्यातून आरपार वाचता यावं. ठेका ओळखीचा असल्यामुळे ऐकणारा पहिल्या क्षणापासून गोष्टीकडे कान देतो.

यापुढची पायरी 'आय एन्ट गॉट नो होम' मध्ये आहे. चर्चमध्ये म्हटलं जाणारं एक भजन तेव्हा फार लोकप्रिय होतं. त्याचा आशय असा की हे जग आपलं घर नव्हे, आपण इथे पाहुणे, खरं घर वर आहे. छावण्यांतली उपाशी माणसं ते भजन म्हणताना गथ्रीने ऐकलं आणि त्याला ते सहन झालं नाही. त्याने चाल तशीच ठेवली, सुरुवातीचा भावही तसाच ठेवला आणि आशय उलटवला. आता गाणारा म्हणतो की मला या जगात घर नाही, कारण पीक सावकाराच्या कोठारात गेलं आणि पोलीस कुठे टेकू देत नाहीत. भजन माहीत असलेल्या माणसाला हे गाणं ऐकताना दोन्ही आशय एकदम ऐकू येतात. ही ताकद नव्या चालीत येत नाही.

आपल्याकडे हे काही परकं नाही. संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर चाल दिलेली असे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'सौभद्रा'त साकी, दिंडी, लावणी आणि कानडी पदांच्या चाली सर्रास आहेत, आणि त्याचा कमीपणा कुणाला वाटला नाही. वामनदादा कर्डकांनी १९४३ मध्ये पहिलं गाणं रचलं तेही सिनेमातल्या गाण्याच्या चालीवर. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावचा हा माणूस अक्षरं मोठेपणी शिकला, आणि पुढे गावोगावच्या गायन पार्ट्यांना त्याने हजारो गाणी दिली. अण्णाभाऊ साठ्यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड तर 'आय एन्ट गॉट नो होम'च्या शेजारी ठेवून अभ्यासावी. पोटासाठी मुंबईला आलेल्या गड्याचा बायकोसाठीचा विरह, असा तमाशाच्या श्रोत्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेला विषय घेऊन ती सुरू होते. ऐकणारा त्यात गुंततो, मग मुंबई येते, संयुक्त महाराष्ट्राचा लढा येतो, आणि महाराष्ट्राबाहेर राहिलेला सीमाभाग हीच ती मैना आहे असं शेवटी उमगतं. अण्णाभाऊंनी साचा मोडला नाही, साच्याच्या आत लढा आणून ठेवला.

एक सावधगिरीची गोष्ट. सिनेमाच्या चालीवर गाणं केलंत तर वस्तीत, मंडपात ते चालून जातं. पण इंटरनेटवर टाकलंत की त्या चालीचा मालक हरकत घेऊ शकतो आणि गाणं उतरवलं जातं. म्हणून शक्यतो परंपरेतल्या चाली घ्या. ओवी, गवळण, भारूड, पोवाडा, गोंधळ, भलरी, पाळणा, वासुदेव: यांवर कुणाची मालकी नाही. शिवाय त्यांच्यासोबत अर्थही येतो. पाळण्याच्या चालीवर पहिला शब्द उच्चारला की ऐकणारीच्या डोळ्यांसमोर लेकरू येतं, ते तुम्हाला सांगावं लागत नाही.

आता 'टॉम जोड'च्या रात्रीची हकीकत. ती लोक चुकीच्या कारणासाठी सांगतात. १९४० च्या सुरुवातीला जॉन स्टाइनबेकच्या 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' या कादंबरीवरचा सिनेमा आला. ओक्लाहोमाहून कॅलिफोर्नियाला गेलेल्या जोड कुटुंबाची ती गोष्ट. गथ्री तेव्हा नुकताच न्यूयॉर्कला आला होता आणि व्हिक्टर कंपनीला त्याच्याकडून धुळीच्या गाण्यांचा अल्बम हवा होता. त्याने सिनेमा पाहिला, ओळखीच्या एका घरात टाइपरायटरपुढे बसला आणि दारूची सुरई शेजारी घेऊन रात्रभर टायपत राहिला. तरुण गायक पीट सीगर तिथे होता. सकाळी गथ्री टेबलाखाली मुटकुळं करून झोपलेला आणि टाइपरायटरवर सबंध गाणं तयार, असं सीगर सांगत असे. अख्ख्या कादंबरीची गोष्ट सतरा कडव्यांत बसली होती.

ही हकीकत ऐकून तरुण मुलांना वाटतं, प्रतिभा ती हीच, आणि ते त्या रात्रीची वाट बघत बसतात. माझी त्यांना विनंती आहे की त्या रात्रीच्या आधीची पाच वर्षं बघा. पॅम्पाची धूळ, पश्चिमेकडचा प्रवास, छावण्या, रेडिओवर आलेली पत्रं, वर्तमानपत्रातले स्तंभ. 'जॉन हार्डी'ची चाल त्याच्या बोटांत पूर्वीपासून होती. गोष्ट स्टाइनबेकची, चाल परंपरेची, माणसं स्वतः पाहिलेली. त्या रात्री फक्त सगळं एकत्र आलं. ज्यांच्याजवळ पुस्तक घ्यायला पैसे नाहीत आणि सिनेमाच्या तिकिटालाही नाहीत, त्यांच्यापर्यंत हे गाण्यातून पोचेल, असं त्याने पुढे लिहिलं. कोणासाठी लिहितो आहोत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. प्रतिभेबद्दल मी काही सांगू शकत नाही, ती ज्याची त्याला. पण आधीची ती वर्षं तुम्ही आजपासून जमवू शकता.

अल्बमचं ध्वनिमुद्रण न्यू जर्सीतल्या कॅम्डन इथे २६ एप्रिल आणि ३ मे १९४० या दोन दिवसांत झालं. एक माणूस, एक गिटार, तोंडाचा बाजा. बस्स. तेरा गाणी मुद्रित झाली, त्यातली अकरा त्या जुलैमध्ये तीन-तीन तबकड्यांच्या दोन संचांत बाहेर आली. 'टॉम जोड' एका बाजूत मावेना, म्हणून दोन बाजूंना वाटून घातलं. सोबतच्या पुस्तिकेत गथ्रीने गाण्यांतली माणसं कोण हे स्वतः लिहिलं. विक्री फार झाली नाही. वाद्यवृंद नाही, स्टुडिओचं भाडं परवडत नाही म्हणून थांबलेल्यांना एवढंच सांगतो की या तबकड्यांवर कसलाही थाट नाही आणि शब्द न् शब्द ऐकू येतो. तुमच्या मोबाइलचं ध्वनिमुद्रण त्या काळच्या मानाने चांगलंच आहे. पंखा बंद करा, खिडकी लावा, मोबाइल तोंडापासून हातभर लांब ठेवा, आणि ढोलकी असेल तर तिला दूर बसवा.

मला या अल्बममध्ये सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं ते त्यातलं माणसांचं वैविध्य. विषय एक, पण बोलणारे निराळे. एकात छातीत धूळ साचून आजारी पडलेला माणूस आहे. 'डस्ट न्यूमोनिया ब्लूज' हे ते गाणं. जिमी रॉजर्स या लोकप्रिय गायकाच्या धाटणीच्या गाण्यात मध्येच एक गळा फिरवून घेतलेली लकेर यायची, लोक तिची वाट बघायचे. गथ्रीचा आजारी माणूस म्हणतो, इथे लकेर घ्यायची खरी, पण फुप्फुसातल्या घरघरीमुळे ती घेता येत नाही. लोकांना हवी असलेली लकेर त्यांना मिळत नाही, आणि ती न मिळाल्यामुळेच आजार कळतो. दुसऱ्या गाण्यात तोच धुळीचा लोट सगळं मारतो आहे आणि मला मारणार नाहीस म्हणून एक हट्टी बाप्या उभा आहे. कुठे वाटसरू, कुठे मजुरांना बदडणारे टोळीवाले. ओळीने ऐकलं की मुलूख उभा राहतो. एका गाण्यावर सगळ्याचा भार टाकला असता तर ते मोडून पडलं असतं.

म्हणून सांगतो, विषय धरलात की त्यावर पाच-सहा गाणी करा. ऊसतोडीचं उदाहरण घेऊ. त्यावर आपल्याकडे गाणी झाली आहेत, अजून पुष्कळ व्हायला हवीत. 'शोषण' हा शब्द घेऊन बसलात तर दोन कडव्यांत विषय संपेल. त्याऐवजी मुकादमाकडून घेतलेली उचल घ्या. ती दिवाळीआधी कशाला लागली: लग्नाला, दवाखान्याला, की मागच्या हंगामाचं अंगावर राहिलेलं फेडायला? नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, हे एका ओळीत आलं तरी ऐकणारा थांबेल. रात्री-अपरात्री गाडी आली की उठून भरायची, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून वर चढायचं. कोपीत दिवसा कोण असतं? गावाकडे नातवंडांना घेऊन राहिलेली आजी काय शिजवते, तिची औषधं कोण आणतं? तिचं गाणं ओवीतच होईल. फडाच्या बांधावर झोळीत झोपवलेल्या लेकराला पाळणा आहे. मुकादमालाही एक गाणं द्या, भारुडाच्या ढंगात, कारण तोही कारखान्याचा पैसा अंगावर घेऊन बसलेला असतो आणि पळून गेलेल्या जोडीमागे फिरत असतो. त्याचं ऐकल्याशिवाय हा व्यवहार कळत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. त्यावर गाणं करायचं तर आधी त्या बायकांपाशी बसायला हवं, त्या जेवढं सांगतील तेवढंच घ्यायला हवं, आणि गाऊ का म्हणून विचारायलाही हवं.

बसायचं म्हणजे काय करायचं, असंही मुलं विचारतात. छोटे प्रश्न विचारायचे. किती वाजता उठलात. भाकरी कशाबरोबर खाल्ली. वाढ्याची पेंडी कितीला विकली. त्या दिवशी तो नेमकं काय म्हणाला. दुःख कसं वाटतं असं कधी विचारू नका, त्याचं उत्तर कुणालाच नीट देता येत नाही. लोक बोलतात तसं, त्यांच्याच बोलीत वहीत उतरवा. प्रमाण भाषेत सुधारून लिहिलंत की चालीत बसणारा ठेका निघून जातो. गथ्रीने फेब्रुवारी १९४० मध्ये 'धिस लँड इज युवर लँड' हे त्याचं सर्वांत गाजलेलं गाणं लिहिलं त्या कागदाच्या तळाशी, जे दिसतं तेवढंच माणसाला लिहिता येतं, अशा अर्थाची टीप त्याने स्वतःसाठी करून ठेवली होती.

ऐकणाऱ्यांचं म्हणणं ऐकायची तयारीही हवी. १९३७ मध्ये रेडिओवर गथ्रीने एका जुन्या गाण्याचं नाव घेताना काळ्या लोकांसाठीचा घाणेरडा शब्द उच्चारला. त्याच्या भागात तो सर्रास बोलला जायचा. एका काळ्या तरुण श्रोत्याने पत्र लिहून त्याला सुनावलं. गथ्रीने ते पत्र कार्यक्रमात वाचून दाखवलं, माफी मागितली आणि तो शब्द टाकला. पुढे त्याची गाणी ज्या बाजूला गेली त्याची सुरुवात मला या पत्रात दिसते. आपल्या लावण्यांत, भारुडांत, लोकगीतांत जातींची नावं आणि बायकांची टवाळी कितीतरी ठिकाणी आहे. चाल घेताना तेही आपसूक आत येतं. ज्यांच्याबद्दल गाणं आहे त्यांच्यासमोर आधी म्हणून दाखवा. त्यांना एखादा शब्द टोचला तर बदला, वाद घालू नका.

आणि नावं लिहा. २८ जानेवारी १९४८ रोजी कॅलिफोर्नियातल्या लॉस गॅटोस कॅन्यनमध्ये विमान कोसळून बत्तीस माणसं गेली. त्यांतले अठ्ठावीस जण मेक्सिकोला परत पाठवले जाणारे शेतमजूर होते. बातम्यांत विमानाच्या कर्मचाऱ्यांची नावं आली, मजुरांचा उल्लेख नुसता 'हद्दपार' असा झाला. गथ्रीने त्यावर 'डिपोर्टी' ही कविता केली. तिला चाल दहा वर्षांनी मार्टिन हॉफमन या शिक्षकाने लावली. कवितेचं सगळं दुखणंच हे आहे की या माणसांना नावं नव्हती का? फ्रेस्नोच्या दफनभूमीत त्या मजुरांच्या नावांचा दगड बसला तो २०१३ मध्ये. मधली पासष्ट वर्षं तो प्रश्न गाण्याने जागता ठेवला होता. बोअरवेलमध्ये, गटारात, फडात, भट्टीवर जी माणसं आपल्याकडे जातात त्यांचीही बातमी 'एक मजूर ठार' एवढीच येते. घरच्यांची हरकत नसेल तर गाण्यात त्या माणसाचं नाव आणि गाव घाला.

गथ्रीलाही अखेर आईचाच आजार झाला. आयुष्याची शेवटची बरीच वर्षं त्याने इस्पितळांत काढली. ३ ऑक्टोबर १९६७ ला तो गेला. १९६१ मध्ये त्याला भेटायला आलेल्या एकोणीस वर्षांच्या गायक बॉब डिलनने त्याच्यावर गाणं केलं ते त्याच्याच '१९१३ मॅसकर' या गाण्याच्या चालीवर. म्हणजे उसनवारी पुढेही चालू राहिली. पण एक गोष्ट हरवली. गथ्रीच्या मागे जवळपास तीन हजार गाण्यांचे कागद राहिले, आणि त्यांतल्या बहुतेकांची चाल कुणालाच माहीत नाही. त्याला स्वरलिपी लिहिता येत नव्हती आणि ती गाणी मुद्रितही झाली नव्हती. त्याच्या मुलीने ते कागद जपले, म्हणून १९९८ मध्ये गायक बिली ब्रॅग आणि विल्को हा बँड यांनी काहींना नव्या चाली लावल्या. जुन्या गेल्या त्या गेल्याच.

आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आणि त्यांतल्या कितीतरी बायांच्या आवाजात मुद्रितही केल्या. २०१७ पासून ग्रामीण भारताची नोंद ठेवणाऱ्या 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात, आणि प्रत्येक ओवीपाशी म्हणणाऱ्या बाईचं नाव आणि गाव असतं. हा नेम आपणही पाळू या. गाणं लिहून झालं की खाली आपलं पूर्ण नाव, गाव, तारीख लिहा. चाल कशावरची ते लिहा. ज्यांच्याकडून हकीकत ऐकली त्यांना चालत असेल तर त्यांचंही नाव लिहा. चाल विसरण्याआधी एकदा नुसती गुणगुणून मोबाइलमध्ये भरून ठेवा, मग सावकाश पूर्ण गाणं मुद्रित करा आणि त्याची एक प्रत घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवर पाठवा. तुमच्या गल्लीत जुनी गाणी करणारा एखादा म्हातारा शाहीर असेल, ओव्या म्हणणारी आजी असेल, तर स्वतःच्या गाण्याला बसण्याआधी या आठवड्यात त्यांच्याकडे जा, कारण तुम्हाला लागणारी चाल बहुधा त्यांच्यापाशीच आहे.